मरणाची सवय लावून घेतलेला माणूस : पवनारचे विनोबा

वर्धा : नागपूर रोडवरच्या पवनारच्या पुलावरून रात्रंदिवस गाड्या धावतात. खाली धाम नदी, काठावर टेकडीवजा उंचवट्यावर आश्रम. ७ मार्च १९३८ रोजी हीच नदी ओलांडून एक मोटार पवनारात आली. आत बसलेल्या माणसाचं वय ४२ आणि वजन ८८ पौंड. म्हणजे आजच्या मापाने जेमतेम ४० किलो. अंगात ताकद नव्हती, आणि हा माणूस आता फार दिवस काढत नाही, असं जवळच्या लोकांना वाटू लागलं होतं.

तो माणूस म्हणजे आचार्य विनोबा भावे. त्यानंतर ते ४४ वर्षं जगले. नुसते जगले नाहीत, तर देशभर पायी फिरले, लाखो एकर जमीन मागून आणली, तुरुंगात गेले, चंबळच्या दरोडेखोरांना शस्त्रं खाली ठेवायला लावली. आणि शेवटी याच पवनारात, वयाच्या ८७ व्या वर्षी, शांतपणे गेले.

विनोबा म्हटलं की भूदान आठवतं. शाळेच्या पुस्तकात तेवढंच असतं. पण त्यांच्या आयुष्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आणखी एक धागा आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. मरण येणार, हे या माणसाने लहानपणीच मान्य केलं होतं. आणि मान्य केलं म्हणून ते मरणाची वाट बघत बसले नाहीत. उलट, हातात असलेला दिवस पुरता वापरायला शिकले.

गागोद्याचा गणपती

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. गाव गागोदे, तालुका पेण, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. पाळण्यातलं नाव विनायक. आजोबा शंभुराव देवभक्त. त्यांच्या घरी गणपती बसायचा. मूर्ती घरीच घडवायची, रोज मनोभावे पूजा करायची आणि दिवस भरले की विसर्जन. एवढी पूजा केलेली मूर्ती पाण्यात सोडून द्यायची, हे लहान विनायकाला काही केल्या समजेना. पुढे मोठेपणी ही आठवण ते सांगत. आणायचं, मनापासून पूजायचं आणि वेळ झाली की सोडायचं, हा धडा त्यांना तिथे मिळाला. पूजा अर्धवट करायची नाही आणि विसर्जन टाळायचंही नाही.

आई रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण भक्ती अपार. वडील नरहरराव बडोद्याला नोकरीला होते, म्हणून पुढे कुटुंब तिकडे गेलं. बडोद्यात विनायक कविता करायचा. एकेक कविता घासूनपुसून पुरी करायची, समाधान झालं की चुलीत टाकायची. पुढे काशीला असताना हेच काम गंगेने केलं. तिथे लिहिलेल्या कविता त्यांनी गंगेला दिल्या. लिहिण्याचा आनंद घेतला, बस. वही जपून ठेवायची हौस नव्हती.

एकदा तर त्यांनी शाळेची प्रमाणपत्रंच आगीत टाकली. आईने विचारलं, तर त्यांचं म्हणणं एवढंच की आता ती लागणार नाहीत. आज ना उद्या लागतील, असं आईला वाटत होतं. पण परतीची वाट ठेवायची नाही, हे मुलाने ठरवलेलं होतं. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईला निघालेला हा मुलगा मध्येच सुरतेला उतरला आणि काशीची गाडी धरली. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्याची गांधीजींशी भेट झाली. विनोबा हे नाव आश्रमातच पडलं.

आई गेली तो दिवस

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. गावंच्या गावं आजारी पडली. बडोद्याला विनोबांचे आई, वडील आणि सगळ्यात धाकटा भाऊ तिघेही अंथरुणाला खिळले. बातमी साबरमतीला पोहोचली. जावं की नाही, असं विनोबांच्या मनात चाललं होतं. गांधीजींनी त्यांना जायला सांगितलं, म्हणून ते गेले.

वडील वाचले. आई गेली आणि धाकटा भाऊही गेला.

आईवर विनोबांचा किती जीव होता हे त्यांना ओळखणारा कुणीही सांगत असे. पण अंत्यविधीच्या वेळी वाद झाला. आईचे संस्कार आपण स्वतः करू, पैसे घेऊन मंत्र म्हणणारा भटजी नको, असा त्यांचा आग्रह. घरच्यांना ते पटेना. तेव्हा विनोबा स्मशानात गेलेच नाहीत. आंघोळ केली आणि घरी वेद वाचायला बसले. लोकांना हे विचित्र वाटलं असणार. आई गेली आणि पोरगा पोथी घेऊन बसला, असं कुणी म्हटलंही असेल. पण वेदाच्या अभ्यासाला त्यांनी त्याच दिवसापासून सुरुवात धरली. आईची जागा रिकामी राहिली नाही, तिथे काम आलं.

आईच्या वस्तूंपैकी त्यांनी फार थोडं घेतलं. त्यात तिची एक साडी होती. ती ते उशाला घेत. पुढे खादीचं व्रत घेतल्यावर, साडी खादीची नाही म्हणून, तीही साबरमती नदीत सोडून दिली. गागोद्याच्या गणपतीचीच ही गोष्ट. प्रेम कमी नव्हतं. धरून ठेवणं नव्हतं.

आईने एकदा गीता समजेल अशा मराठीत मागितली होती. ते काम त्यांनी आईच्या पश्चात १२ वर्षांनी हाती घेतलं. ऑक्टोबर १९३० ते फेब्रुवारी १९३१ या काळात गीताई लिहून झाली. आज महाराष्ट्रात असं खेडं क्वचितच असेल जिथे कुणाच्या तरी घरी गीताईची छोटी प्रत नाही.

धुळ्याच्या तुरुंगातला आठवा अध्याय

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दर रविवारी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचं ठरवलं. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट. १८ रविवार, १८ अध्याय. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. त्यांनी ती प्रवचनं उतरवून घेतली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

आठव्या अध्यायाचा विषय शेवटच्या घडीचा आहे. मरताना मनात जे असतं ते पुढे जातं, असं तो अध्याय सांगतो. विनोबांनी त्यातून अगदी व्यवहाराची गोष्ट काढली. शेवटच्या घडीला मन चांगलं हवं असेल तर ते त्या घडीला जमणार नाही. आयुष्यभर जे घोटलं तेच तेव्हा वर येणार. आपल्या भाषेत सांगायचं तर, तूर पेरून हरभरा निघत नाही. म्हणून रोजचा दिवसच असा काढायचा की तो शेवटचा निघाला तरी हरकत नसावी.

याच प्रवचनात त्यांनी संत एकनाथांची एक कथा सांगितली. एका गृहस्थाने नाथांना विचारलं, तुमचं आयुष्य इतकं सरळ, निर्मळ कसं? नाथांनी त्याला उत्तर न देता सांगितलं की तुझं मरण आजपासून सातव्या दिवशी आहे. गृहस्थ घाबरला. घरी गेला, निरवानिरव केली, ज्यांचं वाईट केलं त्यांची माफी मागितली. सातव्या दिवशी नाथ त्याच्याकडे आले आणि विचारलं, या सात दिवसांत पाप किती झालं? गृहस्थ म्हणाला, पाप करायला सवड कुठे होती, डोळ्यांपुढे सारखं मरण होतं. नाथांनी सांगितलं, आमच्या सरळपणाचं गुपित हेच.

या कथेतली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मरण समोर दिसल्यावर तो गृहस्थ रडत बसला नाही. भांडणं मिटवली, हिशेब पुरे केले. मरणाच्या आठवणीने माणूस खचतो असा आपला समज आहे. इथे तो कामाला लागतो.

नालवाडी ते पवनार

प्रवचनात सांगणं सोपं. सहा वर्षांनी विनोबांवर स्वतःवरच ती वेळ आली.

तेव्हा ते वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत राहत होते. सूत कातणाऱ्या मजुराला जी मजुरी मिळते तेवढ्यातच जगता येतं का, हे त्यांना स्वतः करून बघायचं होतं. दिवसाचे आठ-आठ तास कातायचं आणि त्या कमाईत भागवायचं. देह आधीच किरकोळ, त्यात हा प्रयोग. १९३८ पर्यंत तब्येत पार ढासळली.

आसपासची माणसं काळजीत पडली. विनोबा मात्र मजेत होते. बोलावणं आलंच तर जाऊ, अशी त्यांच्या मनाची तयारी होती. ही गोष्ट सेवाग्रामला गांधीजींच्या कानावर गेली. त्यांनी विनोबांना बोलावून घेतलं आणि सेवाग्रामलाच राहा, मी तुमची शुश्रूषा करतो असं सुचवलं. विनोबा तयार होईनात. गांधीजींमागे आधीच कामांचा आणि रोग्यांचा गराडा होता, त्यात आणखी एक कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा विषय निघाला. त्यावर विनोबांनी पवनारचं नाव घेतलं. तिथे जमनालाल बजाज यांचा बंगला रिकामाच होता. गांधीजींनी होकार दिला, पण एक अट घातली. आश्रमाची, कामांची, कशाचीच काळजी सोबत न्यायची नाही.

म्हणून त्या दिवशी मोटार धाम नदीवरून पलीकडे जात असताना विनोबांनी मनाशी तीनदा म्हटलं की मी सगळं सोडलं. नदी ओलांडली ती डोकं रिकामं करून. धामच्या पलीकडचं म्हणून त्या जागेला पुढे परंधाम हे नाव पडलं.

आता ४० किलोचा, मरणाला तयार असलेला माणूस पवनारात जाऊन काय करेल? खाटेवर पडून राहील, असंच कुणालाही वाटेल. विनोबांनी कुदळ घेतली. बंगल्याभोवतीची जमीन खणायला लागले. सुरुवातीला काही मिनिटंच जमायचं, मग दम घ्यायचा. रोज थोडं थोडं वाढवत गेले. खणायचं, बेताचं खायचं, मोकळ्या हवेत राहायचं आणि कशाचाही विचार करायचा नाही. दहा महिन्यांत वजन ८८ वरून १२८ पौंडांवर गेलं. तब्बल ४० पौंडांची भर पडली.

विनोबांचं सगळं तत्त्वज्ञान एकीकडे आणि ही एक गोष्ट एकीकडे. मरणाला ते नाही म्हणत नव्हते. पण हातात अजून दिवस होता, पायाखाली जमीन होती, म्हणून खणत होते. बरं व्हायचंच अशी धडपड त्यात नव्हती आणि आता काय उरलं अशी निराशाही नव्हती. भीती गेली की माणसाची किती ताकद मोकळी होते, ते पवनारच्या त्या वावराने बघितलं.

याच खणण्यात जमिनीतून जुन्या मूर्ती निघाल्या. त्यातली भरत-रामाच्या भेटीची मूर्ती आजही आश्रमात आहे.

वडिलांच्या अस्थी अंगणातच

१९४७ च्या ऑक्टोबरमध्ये वडील नरहरराव गेले, धुळ्याला. अस्थी नाशिकला गोदावरीत न्याव्यात असं काहींनी सुचवलं. विनोबांचा विचार निराळा. गोदावरी म्हणजे पाणी, हाडं म्हणजे माती. मातीवर हक्क मातीचा. म्हणून राहत्या जागीच खड्डा करून अस्थी पुरल्या आणि वर तुळस लावली. खर्च काही नाही, दगदग काही नाही. त्या काळी हे करायला धाडस लागत होतं. आजही लागतं. दहावं-तेरावं करण्यासाठी कर्ज काढणारी घरं आपल्या तालुक्या-तालुक्यांत कमी नाहीत.

तीनच महिन्यांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यांच्या अस्थींपैकी काही पवनारला धाम नदीत विसर्जित झाल्या. गुरू गेला, पण विनोबा शोकात बुडून थांबले नाहीत. १९५० मध्ये त्यांनी पवनारच्याच जमिनीवर पैशाशिवाय आणि बैलांशिवाय, फक्त हाताने शेती करण्याचा प्रयोग मांडला. देश स्वतंत्र झाला होता, मोठमोठी पदं वाटली जात होती आणि हा माणूस वाफे करत होता.

पंचावन्नाव्या वर्षी पायी

मार्च १९५१ मध्ये विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी निघाले. पायी. वय ५५, पोटात अल्सर. संमेलन झाल्यावर तेलंगणाच्या अशांत भागातून फिरताना १८ एप्रिलला ते नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत पोहोचले. तिथल्या भूमिहीन दलितांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावासमोर विषय ठेवला, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. भूदान तिथे सुरू झालं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पवनारहून पुन्हा निघाले आणि परतले ते थेट एप्रिल १९६४ मध्ये. पहाटे तीनला उठायचं, उजाडायच्या आत चालायला लागायचं, रोज नवं गाव. आहार म्हणजे दही, दूध, थोडा गूळ किंवा मध. ४० लाख एकरांच्या वर जमिनीची दानपत्रं मिळाली. त्यातली बरीच जमीन खडकाळ निघाली, बरीच कागदावरच राहिली, काही वाटलीच गेली नाही. ही बाजूही सांगायलाच हवी. स्वतः विनोबांनी पाच कोटी एकरांचं लक्ष्य ठेवलं होतं, ते फार लांब राहिलं.

पण ज्या वयात माणसं पेन्शनचे कागद जुळवायला लागतात, त्या वयात या माणसाने आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम सुरू केलं. आता किती दिवस राहिले, असा हिशेब मांडला असता तर ते पवनारच्या बाहेर पडलेच नसते.

चांडिलचा ताप

डिसेंबर १९५२. यात्रा तेव्हाच्या बिहारात, चांडिलला. विनोबांना मलेरियाने गाठलं, तोही जीवघेण्या प्रकारच्या. ताप उतरेना. औषध घ्यायला त्यांनी नकार दिला. देवाला ठेवायचं असेल तर ठेवील, असा त्यांचा भाव. सरकारपासून सोबत्यांपर्यंत सगळ्यांनी गळ घातली. दिल्लीहून पंतप्रधान नेहरूंचे निरोप आले, बिहारचे मुख्यमंत्री विनवत होते. शेवटी विनोबांनी हट्ट सोडला आणि औषध घेतलं. ताप उतरला, यात्रा पुढे निघाली.

ही गोष्ट विसरून चालणार नाही. मरण मान्य करणं म्हणजे औषधाला लाथ मारणं, असा अर्थ विनोबांनीही शेवटी काढला नाही. काम बाकी होतं, लोकांचा जीव त्यांच्यात होता, औषध हाताशी होतं. घेतलं. त्यानंतर १२ वर्षं ते चालत राहिले. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात २० दरोडेखोरांनी त्यांच्यासमोर शरणागती पत्करली. बंदूकधाऱ्यांच्या मुलुखात हातात काहीच नसताना फिरणारा माणूस जिवाला जपत बसणारा नसतो, हे त्या लोकांनाही कळलं असेल.

रोज रात्री खातं बंद

हे सगळं कुठून यायचं? विनोबांची एक रोजची सवय होती. झोपेला ते छोटं मरण समजत. रात्री प्रार्थना झाली की दिवसभराचं सगळं देवाच्या स्वाधीन करायचं आणि निजायचं. सकाळी डोळे उघडले तर नवा जन्म. कालची भांडणं, कालचा मान-अपमान कालच्या जन्मातला. किराणा दुकानदार रात्री गल्ला मोजून खातं बंद करतो, तसं.

सवय साधी आहे, पण तिचा परिणाम मोठा. ज्याचं कालचं खातं बंद झालं, तो आजच्या कामाला मोकळा. म्हणून वयाची सत्तरी येईपर्यंत ते नवनव्या भाषा शिकत राहिले आणि गावोगावी त्या-त्या भाषेतले धर्मग्रंथ वाचत राहिले.

हातातलं काम सोडणं

७ जून १९६६. गांधीजींच्या पहिल्या भेटीला बरोबर ५० वर्षं झाली होती. त्या दिवशी विनोबांनी जाहीर केलं की आता बाहेरची कामं हळूहळू सोडायची. याला त्यांनी सूक्ष्म-प्रवेश म्हटलं. १९७० पासून तर पवनार सोडून कुठे जायचंच नाही असं ठरवलं. एवढं मोठं आंदोलन, हजारो कार्यकर्ते, देशभर नाव. पण खुर्ची धरून बसायचा विचार शिवला नाही. आपल्याकडे सोसायटीच्या चेअरमनला खुर्ची सुटत नाही, तिथे हे उठून उभं दिसतं.

डिसेंबर १९७४ पासून वर्षभर त्यांनी मौन पाळलं. आणीबाणीच्या काळातल्या त्यांच्या भूमिकेवर खूप टीका झाली, त्यांच्याच जुन्या सोबत्यांनी केली. तो वाद अजून संपलेला नाही. त्या काळात आश्रमात येणाऱ्यांना हा म्हातारा माणूस अंगणातला पालापाचोळा, कचरा वेचताना दिसायचा. एकेक काडी उचलायची, टोपलीत टाकायची. ते त्यांचं ध्यान होतं.

वर्ध्याला गोपुरीजवळ १९८० मध्ये गीताई मंदिर उभं राहिलं. त्याला छत नाही, आत मूर्ती नाही. दगडांच्या शिळांवर गीताई कोरलेली. विनोबांचा स्वभाव तिथे उभ्या-उभ्या कळतो.

१९८२ ची दिवाळी

नोव्हेंबर १९८२. ५ तारखेला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टर धावले, उपचार झाले, थोडा आराम पडला. ८ तारखेपासून मात्र त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. देह आता कामाचा राहिला नाही, तर त्याला धरून ठेवायचा नाही, हा निर्णय. पंतप्रधान इंदिरा गांधी पवनारला येऊन गेल्या. विनंत्या झाल्या. या वेळी ते बधले नाहीत. १५ नोव्हेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यांनी देह ठेवला. दिवाळीचा दिवस होता. धाम नदीच्या काठी अंत्यसंस्कार झाले आणि अग्नी दिला तो आश्रमातल्या भगिनीने. बाईमाणसाने अग्नी देणं तेव्हा सर्रास नव्हतं.

हे बरोबर की चूक, यावर तेव्हाही चर्चा झाली आणि आजही होते. पण चांडिल आणि पवनार शेजारी ठेवून बघावं. ५७ व्या वर्षी, काम हाती असताना त्यांनी औषध घेतलं. ८७ व्या वर्षी, सगळं काम दुसऱ्यांच्या हाती सोपवून १६ वर्षं झाल्यावर त्यांनी ते थांबवलं. आणि ४२ व्या वर्षी, मरण दारात दिसत असताना कुदळ उचलली. तिन्ही निर्णय एकाच माणसाचे. म्हणून त्यांच्या शेवटाकडे बघून कुणी आजारात औषध सोडण्याचा अर्थ काढू नये. ज्याचं खातं रोज बंद होत होतं, त्याचा तो शेवट होता.

आपल्या घरात

आपल्याकडे मरणाचं नाव काढलं की म्हातारी माणसं अभद्र बोलू नको म्हणून गप्प करतात. मग बाप जातो आणि वाटणीचा कागद नसतो. सातबाऱ्यावर नाव कुणाचं लागावं यावरून भाऊ-भाऊ तहसीलच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. दवाखान्यात शेवटी काय करायचं हे आजारी माणसाला कुणी विचारलेलं नसतं. बोलायचं ते बोलायचं राहून जातं. एकनाथांच्या गोष्टीतल्या गृहस्थाला सात दिवस मिळाले. आपल्याला किती, हे कुणाला माहीत?

त्यासाठी विनोबांइतकं विरक्त व्हायची गरज नाही. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी बोलून घेणं, जमिनीचे कागद नीट करणं, पोरांना हिशेब समजावून देणं, एवढं तर कुणालाही जमतं. हे केल्याने मरण लवकर येत नाही. डोक्यावरचं ओझं तेवढं उतरतं आणि उरलेल्या दिवसांत कामाला हात मोकळे होतात.

पवनारला कधी गेलात तर भरत-रामाची ती मूर्ती जरूर बघा. बंगल्यातल्या त्या आजारी माणसाने उरलेले दिवस मोजले असते, तर ती आजही मातीखालीच असती. त्याने जमीन खणली, म्हणून ती वर आली.